बदललेला सेल रंगवायचा, पण रंग भलत्या ओळीवर जाऊ द्यायचा नाही

मोठ्या ग्रिडमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या ओळी-कॉलमच्या तक्त्यात, ३ऱ्या ओळीतली संख्या बदलली, सेल पिवळा झाला, सगळं छान. मग खाली स्क्रोल केलं तर २७व्या ओळीतलाही तोच कॉलम पिवळा. तिथे कुणी बोटही लावलेलं नाही. आणखी खाली ५१व्या ओळीत पुन्हा तेच. परत वर यावं तर ३री ओळ कधी पिवळी, कधी कोरी. ग्रिडचं काम नव्याने हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रकार भेटतो, आणि पहिला संशय लायब्ररीवर जातो. लायब्ररी बिचारी तिला नेमून दिलेलं कामच करत असते. ते काम नेमकं काय, हे आधी डोळ्यांनी बघून घेऊ आणि मग रंगाकडे वळू.

## आधी घटकांवर नंबर टाका

समजा १०,००० ओळी आणि १२ कॉलम आहेत, म्हणजे १,२०,००० सेल. प्रत्येकासाठी स्क्रीनवर वेगळा घटक बनवला तर मेमरी फुगते आणि स्क्रोल अडखळतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, त्यात एवढा पसारा सांभाळणं शक्य नाही. म्हणून स्क्रीनवर २० ओळी मावत असतील तर ग्रिड वर-खाली थोड्या जादा धरून २४ ओळींपुरतेच घटक बनवते. स्क्रोल करताना वरून बाहेर गेलेली ओळ फेकून न देता तिचेच घटक खाली आणते आणि त्यांत नव्या ओळीचा मजकूर भरते. सेल दाखवणाऱ्या या घटकाला बहुतेक ठिकाणी रेंडरर म्हणतात.

हे वाचून पटतं, पण बघितलं की पक्कं होतं. रेंडरर पहिल्यांदा तयार होतो त्या जागी दर कॉलमची वेगळी मोजणी ठेवा आणि त्याला नंबर द्या: १, २, ३ असा. तो नंबर प्रत्येक सेलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दाखवा. मग स्क्रोल करा. एका कॉलममध्ये १० हजार ओळी फिरून आलात तरी नंबर २४च्या पुढे जाणार नाहीत, आणि ३ नंबर आधी ३ऱ्या ओळीत, मग २७व्या, मग ५१व्या ओळीत दिसेल. पिवळा रंग जिथे जिथे उगवत होता, त्याच या जागा. (प्रत्येक ग्रिड इतक्या शिस्तीत घटक वाटत नाही. काहींत नंबर उलटसुलट येतात, तेव्हा रंगही उलटसुलट उगवतो.)

जावाच्या स्विंग या टूलकिटमधली ग्रिड, म्हणजे जेटेबल, तर याच्याही पुढे जाते. तिथे अख्ख्या कॉलमसाठी एकच रेंडरर असतो आणि तो शिक्क्यासारखा एकामागून एक सेलवर उमटवला जातो. अँड्रॉइडचा रिसायकलरव्ह्यू, आयओएसचा यूआयटेबलव्ह्यू, वेबवरच्या आभासी स्क्रोलच्या ग्रिड, जुन्या फ्लेक्सचा डेटाग्रिड, सगळ्यांचे तपशील वेगळे. पण रेंडरर एका ओळीचा कायमचा मालक नसतो, ही गोष्ट सगळीकडे सारखी.

यावरून एकच नियम निघतो आणि पुढचा सगळा लेख त्याचाच विस्तार आहे: सेल बदलला आहे ही माहिती डेटाच्या बाजूला राहते, रेंडररवर कधीच नाही. रेंडररने दर वेळी तिथे जाऊन विचारायचं आणि मिळेल ते उत्तर दाखवायचं. एडिट झाल्या झाल्या हाताशी असलेल्या घटकाला पकडून त्याची पार्श्वभूमी पिवळी करायचा मोह फार होतो, कारण पहिल्या डेमोत ते चालतं. डेमोत ओळी दहाच असतात.

## बदलांची वही कुठे ठेवायची

प्रत्येक बदललेल्या सेलची मूळ किंमत जपून ठेवणारी एक वही हवी. वही म्हणजे साधा मॅप: बाहेरच्या मॅपमध्ये ओळीचा आयडी, आतल्या मॅपमध्ये कॉलमचं नाव, आणि त्यासमोर मूळ किंमत. नुसतं ‘बदलला, हो’ असं लिहून ठेवण्यापेक्षा मूळ किंमत ठेवणं कितीतरी बरं. आधीची किंमत टूलटिपमध्ये (माउस वर नेला की उमटणाऱ्या चिठ्ठीत) दाखवता येते, बदल मागे घेता येतो, आणि वापरणाऱ्याने स्वतःच जुनी किंमत परत टाइप केली तर रंग आपोआप काढता येतो.

ओळीचा आयडी म्हणजे ओळीचा क्रमांक नव्हे. हे दोनदा सांगावं इतकं महत्त्वाचं आहे. क्रमांक ठेवला की सॉर्ट केल्यावर, फिल्टर लावल्यावर, वर एखादी नवी ओळ घातल्यावर रंग जुन्या जागी बसून राहतो आणि डेटा पुढे निघून जातो. डेटाबेसमधून आलेली प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, असेल तर तीच वापरा. नसेल तर डेटा लोड करताना वाढत्या मोजणीतून प्रत्येक ओळीला एक आयडी चिकटवा. ओळीचा ऑब्जेक्टच की म्हणून वापरायची युक्ती जावास्क्रिप्टमध्ये चालते, पण सर्व्हरकडून तोच डेटा ताजा आणला की ऑब्जेक्ट नवे होतात आणि जुन्या नोंदींना वाली राहत नाही.

आयडी आणि कॉलम जोडून एकच स्ट्रिंग बनवायची असेल तर मध्ये ठळक विभाजक घाला. कॉलमलाही नावाऐवजी क्रमांक असतील तर १ आणि १२ जोडून ११२ होतं, आणि ११ आणि २ जोडूनही ११२च. मॅपमध्ये मॅप ठेवला की हा प्रश्न उद्भवतच नाही, म्हणून मी तोच पर्याय सुचवतो.

वहीत नोंद करणारं फंक्शन साधारण असं दिसेल:

    बदल_नोंदव(ओळ, कॉलम, नवी):
        जुनी = ओळ[कॉलम]
        जर समान(जुनी, नवी): इथेच थांब
        जर वहीत (ओळ.आयडी, कॉलम) नसेल:
            वही(ओळ.आयडी, कॉलम) = जुनी
        नाहीतर जर समान(वही(ओळ.आयडी, कॉलम), नवी):
            ती नोंद वहीतून काढ
        ओळ[कॉलम] = नवी
        ग्रिडला कळव: एवढाच सेल पुन्हा काढ

यात एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. वहीत नोंद फक्त पहिल्या बदलाच्या वेळी होते. १० चे १२ केले आणि १२ चे १५ केले, तरी मूळ म्हणून १०च राहायला हवेत. दुसऱ्या वेळी १२ लिहून टाकले तर ‘मूळ किंमत’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

शिवाय प्रत्येक बदल याच दारातून आत आला पाहिजे. माणूस सेलमध्ये टाइप करतो हा फक्त एक रस्ता. पेस्ट, कोपरा ओढून खाली भरणं, डिलीट बटण, अनडू, ‘सगळ्या निवडलेल्या ओळींना हीच तारीख लाव’ अशी मेन्यूतली सोय, हे सगळे रस्ते वेगवेगळ्या कोडमधून येतात. एखादा जरी थेट ओळीत किंमत लिहून मोकळा झाला की सेव्ह करताना तो बदल गळतो, आणि तक्रार येईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

## दोन किंमती ‘समान’ कधी म्हणायच्या

वरच्या कोडमध्ये ‘समान’ हे वेगळं फंक्शन ठेवलं आहे ते उगाच नाही. एडिटर बहुधा मजकूर परत देतो. डेटात १० ही संख्या होती, एडिटरने "10" ही स्ट्रिंग दिली, काटेकोर तुलना केली तर दोन्ही वेगळ्या. परिणाम असा की सेलमध्ये नुसता जाऊन काहीही न बदलता एंटर दाबलं तरी तो पिवळा. म्हणून तुलनेआधी नवी किंमत त्या कॉलमच्या प्रकारात आणा.

रिकाम्या जागेचंही ठरवून टाका. नल (किंमतच नाही) आणि रिकामी स्ट्रिंग तुमच्या डेटात एकच अर्थ देतात का? बहुतेक ग्रिडमध्ये वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा समान मानलेलं बरं. शेवटच्या मोकळ्या जागा तुलनेआधी छाटायच्या की नाहीत, हे कॉलम बघून ठरवा.

तारखांचा घोळ जावास्क्रिप्टमध्ये हमखास होतो. एकाच क्षणाचे दोन डेट ऑब्जेक्ट तुलनेत समान ठरत नाहीत, कारण तिथे ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघितलं जातं. त्यांचे मिलिसेकंद काढून तुलना करा. नॅन (‘ही संख्याच नाही’) ही किंमत तर स्वतःशीही समान नसते. आणि दशांश अपूर्णांकांत ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ हे संगणकाच्या हिशोबात खरं ठरत नाही, म्हणून आकडेमोडीतून आलेल्या किमतींची तुलना कॉलममध्ये जितके दशांश दाखवता तितक्यांपर्यंत गोल करून करा.

## रेंडररला दोन्ही बाजू सांगा

आता रंगाकडे. नवख्या कोडमध्ये सर्रास दिसणारी ओळ अशी: जर बदललेला असेल तर पार्श्वभूमी पिवळी कर. वाचायला बिनचूक. पण हाच रेंडरर थोड्या वेळाने दुसऱ्या, न बदललेल्या ओळीसाठी बोलावला जातो तेव्हा जर-ची अट खोटी ठरते, कोड काहीच करत नाही, आणि मघाचा पिवळा तसाच राहतो. ‘नाहीतर’ची बाजू लिहिलेलीच नाही. सुरुवातीला सांगितलेल्या २७व्या ओळीचं कोडं बहुतेक वेळा या एका न लिहिलेल्या ओळीत सुटतं.

    सेल_भर(सेल, ओळ, कॉलम):
        बदललेला = वहीत (ओळ.आयडी, कॉलम) आहे का?
        सेलचा मजकूर = ओळ[कॉलम]
        सेलचा ‘बदललेला’ क्लास: असेल तर लाव, नसेल तर काढ
        सेलची टूलटिप: असेल तर ‘आधी: ’ आणि मूळ किंमत,
                       नसेल तर रिकामी

टूलटिपही दोन्ही बाजूंनी लिहिली आहे, हे बघा. रेंडरर ज्या ज्या गोष्टीला कुठल्याही परिस्थितीत हात लावतो, ती प्रत्येक गोष्ट त्याने प्रत्येक वेळी ठरवली पाहिजे: रंग, ठळक अक्षर, आयकॉन, बॉर्डर, उजवी-डावी बाजू, बटण चालू की बंद. एखाद्या ओळीसाठी अक्षर लाल केलं की इतर सगळ्यांसाठी ते काळं करण्याची जबाबदारीही तुमचीच.

वेबवर क्लास, म्हणजे घटकाचं दिसणं ठरवणारं नाव, लावण्या-काढण्यासाठी क्लासलिस्टचं टॉगल वापरत असाल तर त्याला दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे खरं-खोटं, द्यायला विसरू नका. नुसतं टॉगल केलं तर सेल पुन्हा काढला जाईल तितक्या वेळा क्लास लागतो आणि निघतो, आणि स्क्रोल करताना दिव्यांची माळ लागल्यासारखं दिसतं.

प्रत्येक टूलकिटची आपली एक खोड असते. स्विंगच्या डीफॉल्टटेबलसेलरेंडररवर पार्श्वभूमीचा रंग एकदा लावला की तो ‘निवड नसतानाचा रंग’ म्हणून जपून ठेवतो आणि पुढच्या सेलना तोच देतो; म्हणून तिथे नेहमीचा रंगही स्वतः लावावा लागतो, किंवा रंगाचं काम टेबलच्या प्रिपेअररेंडररमध्ये, पण दोन्ही बाजूंसकट, करावं. आयओएसवर प्रिपेअर-फॉर-रीयूज नावाची जागा मिळते, तेव्हा सगळी साफसफाई तिथेच करावीशी वाटते. अॅपलचा सल्ला वेगळा आहे: तिथे मजकुराशी संबंध नसलेल्या गोष्टी, म्हणजे पारदर्शकता किंवा निवड वगैरे, पूर्ववत करा, मजकुराशी निगडित सगळं सेल भरताना ठरवा. आपली खूण डेटावरूनच ठरते, तेव्हा तिची जागा सेल भरण्याच्या फंक्शनमध्ये. अँड्रॉइडवर हीच जागा ऑनबाइंडव्ह्यूहोल्डर. फ्लेक्सचा जुना कोड सांभाळावा लागत असेल तर डेटाच्या सेटरमध्ये नल येऊ शकतो, तोही पकडा.

रिअॅक्टमध्ये घटकाच्या स्टेटमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आठवणीत, ‘बदलला’ असं ठेवण्याची सवय जड जाते. ओळींच्या की म्हणून जागेचा क्रमांक दिला तर स्टेट जागेला चिकटून राहते आणि दुसऱ्या ओळीवर दिसते. की म्हणून ओळीचा आयडी दिला तर ओळ स्क्रीनबाहेर जाताच घटक मोडतो आणि स्टेट गायब. दोन्हीकडून तोटाच, म्हणून वही ग्रिडच्या वर ठेवा आणि खाली प्रॉप म्हणून, म्हणजे घटकाला बाहेरून दिलेली माहिती म्हणून, पाठवा.

तयार ग्रिड वापरत असाल तर तिची सोय नीट वाचून घ्या. एजी ग्रिडमध्ये सेलक्लास आणि सेलक्लासरूल्स असे दोन पर्याय आहेत. दिसायला भावंडं, पण सेल ताजा करताना पहिल्याने लावलेला क्लास आपणहून निघत नाही. दुसऱ्यात अट खोटी ठरली की निघतो. आपल्या कामाला दुसराच हवा.

एक सापळा थोडा वेगळा आहे. रेंडररने सर्व्हरकडे काही विचारलं, उदाहरणार्थ हा कोड वैध आहे का, आणि उत्तर येईपर्यंत तो घटक दुसऱ्या ओळीच्या सेवेत गेला, तर उत्तर भलत्या ओळीवर उमटतं. विनंती पाठवताना ओळीचा आयडी लक्षात ठेवा आणि उत्तर आल्यावर रेंडररकडे अजून तीच ओळ आहे का ते तपासा. त्याहून चांगलं म्हणजे उत्तर थेट डेटात लिहा आणि ग्रिडला तो सेल पुन्हा काढायला सांगा. रेंडररने वाट बघत बसू नये.

## रंग कसा असावा

पार्श्वभूमीवर हक्क सांगणारे बरेच जण असतात: निवडलेली ओळ, माउसखालची ओळ, एकाआड एक पट्टे, चुकीची किंमत. सगळ्यांनी पार्श्वभूमीच वापरली तर निवड केल्यावर पिवळा रंग दिसेनासा होतो, नेमका जेव्हा माणूस त्या ओळीकडे बघत असतो तेव्हाच. माझी पसंती कोपऱ्यातल्या लहान त्रिकोणाला किंवा डाव्या कडेच्या ३ पिक्सेलच्या पट्टीला. सोबत हवी तर फिकट पार्श्वभूमी. निवडीचा रंग पार्श्वभूमीवर बसतो आणि त्रिकोण वर दिसत राहतो. सीएसएसमध्ये आतल्या बाजूची बॉक्स-शॅडो वापरली तर पट्टीमुळे सेलची रुंदीही बदलत नाही. बॉर्डर जाड केली की मजकूर हलतो आणि ते फार खटकतं.

नुसत्या रंगावर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. रंग ओळखण्यात अडचण असलेली माणसं कमी नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. वेबच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी नियमही तेच सांगतात: माहिती केवळ रंगातून देऊ नका, आणि साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा. स्क्रीनरीडरसाठी सेलच्या वर्णनात ‘बदललेला’ हा शब्द घाला. तोही दोन्ही बाजूंनी, हे आता वेगळं सांगायला नको.

पट्ट्यांबद्दल एक टीप. सम-विषम ओळींचे पट्टे सीएसएसच्या एनटीएच-चाइल्डवर सोपवले असतील तर घटक फिरवणाऱ्या ग्रिडमध्ये ते स्क्रोलबरोबर उड्या मारू शकतात, कारण पानाच्या रचनेतला घटकांचा क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम जुळेलच असं नाही. पट्टा ओळीच्या दिसणाऱ्या क्रमांकावरून रेंडररमध्ये ठरवा. क्रमांक वापरायची ही रास्त जागा.

## पुन्हा काढा, पण तेवढंच

वही बदलली हे ग्रिडला आपणहून कळत नाही. तिला सांगावं लागतं, आणि किती सांगावं यात शहाणपण आहे. स्विंगमध्ये एका सेलपुरता इशारा देणारी पद्धत आहे. त्याऐवजी ‘सगळाच डेटा बदलला’ असा इशारा दिलात तर जेटेबल निवडही पुसून टाकतं. अँड्रॉइडमध्ये बदललेल्या ओळीपुरता इशारा देताना सोबत पेलोड (नेमकं काय बदललं त्याची चिठ्ठी) जोडला तर ओळ नव्याने मिसळत आल्याचं अॅनिमेशन टळतं आणि फक्त खूण बदलता येते. वेबवर अख्खी ग्रिड ताजी केली की शेजारच्या सेलमध्ये उघडलेला एडिटर बंद होण्याची भीती असते. माणूस टाइप करत असतो आणि हातातलं निघून जातं.

सॉर्ट केलेल्या ग्रिडमध्ये दिसणारा क्रमांक आणि डेटातला क्रमांक वेगळे असतात. इशारा डेटातल्या क्रमांकाने द्यायचा असतो, रेंडररला मिळणारा क्रमांक मात्र बहुधा दिसणारा असतो. जावा ६ पासून जेटेबलमध्ये एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या पद्धती आहेत, त्या न चुकता वापरा. ज्या कॉलमवर सॉर्ट आहे त्याच कॉलममध्ये बदल केला तर लगेच पुन्हा सॉर्ट करू नका. ओळ डोळ्यांसमोरून उडून जाते आणि तिच्यावरची सुंदर खूण कुणालाच दिसत नाही.

हिशोबाने निघणारे कॉलम, जसं की बेरीज, रंगवायचे का? मी रंगवत नाही. माणसाने जे स्वतः बदललं तेवढंच रंगवलं की त्या रंगाचा अर्थ स्पष्ट राहतो. बेरजेचा आकडा मात्र ताजा करायला हवाच, म्हणजे त्या सेललाही इशारा जायला हवा.

## थोडा वेळ चमकून विझणारी खूण

बाहेरून सतत येणाऱ्या डेटासाठी, म्हणजे भाव, सेन्सरचे आकडे, धावांचा फलक, सेल क्षणभर उजळून विझलेला बरा वाटतो. इथे रेंडररमध्येच टायमर सुरू करणं ही मोठी गल्लत. टायमर घटकाला चिकटतो, घटक दुसऱ्या ओळीकडे जातो, आणि २ सेकंदांनी भलत्याच सेलचा रंग उतरतो.

वहीत किमतीसोबत बदलाची वेळ लिहा. रेंडररने आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची: २ सेकंदांपेक्षा कमी असेल तर खूण, नसेल तर साफ. विझवण्यासाठी पूर्ण ग्रिडचा मिळून एकच टायमर ठेवा. तो ठरावीक अंतराने मुदत संपलेल्या नोंदी काढतो आणि तेवढ्याच सेलना इशारा देतो. नोंदी संपल्या की टायमर बंद.

सीएसएस अॅनिमेशनने रंग हळूहळू उतरवायचा असेल तर दोन अडचणी येतात. पहिली: ओळ अर्ध्यावर विझलेली असताना स्क्रोल करून बाहेर गेली आणि परत आली तर अॅनिमेशन पहिल्यापासून सुरू होतं. याला उपाय म्हणजे उणे अॅनिमेशन-डिले. बदल होऊन ०.८ सेकंद झाले असतील तर डिले उणे ०.८ सेकंद द्या, अॅनिमेशन बरोबर त्या टप्प्यावरून पुढे चालू होतं. दुसरी: सेल चमकत असतानाच किंमत पुन्हा बदलली तर क्लास आधीच लागलेला असल्यामुळे अॅनिमेशन नव्याने सुरू होत नाही. एकसारखीच दोन अॅनिमेशन दोन नावांनी लिहून ठेवा आणि दर बदलाला आलटून पालटून वापरा.

चमक सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणार नाही याची काळजी घ्या. काहींना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटके येऊ शकतात आणि डब्ल्यूसीएजीतही हीच मर्यादा आहे. ज्यांनी सिस्टीममध्ये हालचाल कमी ठेवायचं सेटिंग लावलं आहे त्यांच्यासाठी ब्राउझर तशी मीडिया क्वेरी पुरवतो; तिथे अॅनिमेशनऐवजी साधी स्थिर खूण दाखवा.

माणसाने केलेल्या, अजून सेव्ह न झालेल्या बदलाची खूण मात्र कधीच विझवू नये. दोन्ही प्रकार एकाच ग्रिडमध्ये असतील तर वह्या दोन ठेवा आणि खुणाही दिसायला वेगळ्या.

## सेव्ह झाल्यावर

सर्व्हरने ‘झालं’ म्हटलं की वही कोरी करायची, असं वाटतं. पण विनंती गेल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या वेळात माणसाने आणखी दोन सेल बदलले असतील तर त्यांची नोंदही पुसली जाईल. म्हणून पाठवताना काय पाठवलं त्याची प्रत ठेवा. उत्तर आल्यावर प्रतीतल्या प्रत्येक सेलसाठी बघा: सध्याची किंमत आणि पाठवलेली किंमत समान असेल तर नोंद काढा; वेगळी असेल तर नोंद राहू द्या, फक्त मूळ किंमत म्हणून आता पाठवलेली किंमत लिहा. काही ओळी सेव्ह झाल्या आणि काही नाकारल्या गेल्या तर नाकारलेल्यांना हात लावू नका, त्यांची खूण तशीच हवी.

नव्याने घातलेल्या ओळीला मूळ किंमतच नसते. तिचा प्रत्येक सेल रंगवण्यापेक्षा अख्ख्या ओळीला एक वेगळी खूण द्या. काढून टाकलेली ओळ सेव्ह होईपर्यंत खोडलेल्या अक्षरांत दिसू द्या, म्हणजे ती परत घेता येते.

## तपासून बघताना

१० ओळींवर तपासलं तर काहीच सिद्ध होत नाही. निदान काही शे ओळी घ्या. वरचा एक सेल बदला, तळाशी जा, कुठे अनोळखी खूण दिसते का बघा, परत वर या. मग सॉर्ट उलटा करा. खूण ओळीबरोबर गेली पाहिजे. फिल्टर लावून ती ओळ लपवा आणि पुन्हा आणा. जुनी किंमत हाताने टाइप करा, खूण गेली पाहिजे. सेलमध्ये जाऊन काही न बदलता बाहेर या. बदललेली ओळ निवडा आणि खूण अजून दिसते का बघा. सेव्ह दाबा आणि उत्तर येण्याआधी आणखी एक सेल बदला; सर्व्हर फार चपळ असेल तर उत्तर मुद्दाम ३ सेकंद लांबवा.

आडवा स्क्रोलही विसरू नका. बऱ्याच ग्रिड ओळींप्रमाणे कॉलमचेही घटक फिरवून वापरतात, आणि उभ्या स्क्रोलमध्ये बिनचूक ठरलेला कोड ४० कॉलमच्या ग्रिडमध्ये आडवा सरकवल्यावर उघडा पडतो. कॉलम ओढून त्याची जागा बदला, एखादा लपवा आणि परत दाखवा. वहीत कॉलमच्या नावाऐवजी त्याचा क्रमांक गेला असेल तर तो इथे हमखास सापडतो.